आफ्रिकान्सची वाक्यरचना: क्रियापदाच्या दोन जागा

जोहान्सबर्ग, प्रिटोरिया किंवा केपटाउन येथे नोकरीनिमित्त आलेल्या मराठी कुटुंबातील मूल इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाऊ लागले की, इंग्रजीच्या जोडीला आणखी एक भाषा त्याच्या दप्तरात येते. अनेक शाळांत ‘पहिली अतिरिक्त भाषा’ म्हणून शिकवली जाणारी ही भाषा आफ्रिकान्स असते. वर्गातील बऱ्याच मुलांच्या कानांवर ती लहानपणापासून पडलेली असते. नव्याने आलेल्या मुलाला मात्र ती एकदम पाचवीत वा सातवीत भेटते आणि घरी आई-वडिलांना तिचा गंधही नसतो. अशा मुलाचे शब्द चार-सहा महिन्यांत पाठ होतात. वाक्ये मात्र चुकत राहतात. शब्द सगळे बरोबर असतात, पण एखादा शब्द भलत्याच जागी पडलेला असतो.

या चुकांचे मूळ बहुधा एकच असते. मूल इंग्रजी वाक्याचा सांगाडा घेऊन त्यावर आफ्रिकान्स शब्द चढवते. आफ्रिकान्सच्या वाक्यात क्रियापदाला दोन जागा आहेत: एक दुसरी आणि एक शेवटची. यांपैकी शेवटची जागा मराठी भाषकाला जन्मापासून परिचयाची आहे. शिकायची उरते ती दुसरी जागा, आणि कोणते क्रियापद केव्हा कुठे बसते याचे थोडे नियम. हे नियम समजून घेतले, तर आफ्रिकान्सचा एकही शब्द पूर्वी न ऐकलेले पालकदेखील मुलाचा गृहपाठ तपासू शकतात.

भाषेची थोडक्यात ओळख

१६५२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी, केपला ठाणे वसवले. तेथे बोलल्या जाणाऱ्या डचला स्थानिक खोईखोई लोकांच्या, तसेच पूर्वेकडून आणि आफ्रिकेच्या अन्य भागांतून आणलेल्या गुलामांच्या तोंडी नवे वळण मिळाले. या गुलामांत इंडोनेशियाची बेटे, मादागास्कर आणि मोझांबिक यांबरोबरच बंगाल, कोरोमंडल व मलबार किनाऱ्यांवरून नेलेली माणसेही होती. ‘खूप’ या अर्थाचा ‘बायऽ’ आणि केळ्याला असलेला ‘पीसांग’ हे शब्द मलायी भाषेतून आले. लोणच्याला तर आफ्रिकान्समध्येही ‘आचार’च म्हणतात.

१८७५ मध्ये पार्ल येथे या बोलीला लेखनभाषा करण्यासाठी संस्था स्थापन झाली. १९२५ मध्ये आफ्रिकान्सला कायद्याने अधिकृत भाषेचे स्थान मिळाले आणि १९३३ मध्ये संपूर्ण बायबल या भाषेत प्रसिद्ध झाले. पुढे ही भाषा वर्णद्वेषी राजवटीच्या सक्तीचे साधन बनली. शालेय विषय आफ्रिकान्समधून शिकण्याच्या सक्तीविरुद्ध १६ जून १९७६ रोजी सोवेटोतील विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ती जखम अद्याप अनेकांच्या मनात आहे. तरीही ही भाषा केवळ सत्ताधाऱ्यांची कधीच नव्हती. तिच्या मातृभाषकांत गोऱ्यांपेक्षा इतरांची संख्या अधिक आहे. २०२२ च्या जनगणनेनुसार दक्षिण आफ्रिकेत १०.६ टक्के लोक घरी आफ्रिकान्स बोलतात. झुलू आणि खोसा यांच्यानंतर तिचा क्रमांक तिसरा लागतो. शेजारच्या नामिबियातही ती मोठ्या प्रमाणावर बोलली जाते.

उच्चार आणि देवनागरी

या लेखातील सर्व उदाहरणे देवनागरीत दिली आहेत. आफ्रिकान्स परक्या लिपीत लिहिण्याची प्रथा नवी नाही. एकोणिसाव्या शतकात केपटाउनमधील मुस्लिम मदरशांत ती अरबी लिपीत लिहिली जात असे. अबू बक्र एफेंदी यांचा धर्माचारविषयक ग्रंथ अशाच अरबी लिपीतील आफ्रिकान्समध्ये १८७७ साली इस्तंबूलला छापला गेला. कोकणच्या किनाऱ्यावरून, आजच्या रत्नागिरी-रायगड जिल्ह्यांतील गावांतून, केपटाउनला जाऊन वसलेल्या कोकणी मुस्लिम कुटुंबांनाही याच शहरात ही भाषा भेटली.

वाचताना चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ‘ख’ हा घशातून घासत काढायचा, उर्दूतील ‘ख़बर’मधल्यासारखा. ‘ऐ’ हा मराठी ‘मैदान’मधल्यासारखाच उच्चारायचा, त्यामुळे ‘है’ म्हणजे तो, ‘सै’ म्हणजे ती, ‘यै’ म्हणजे तू. शब्दाच्या शेवटी ‘ऽ’ असेल, तर शेवटचा ‘अ’ न गाळता स्पष्ट म्हणायचा. आणि ‘एक’ म्हणजे मी. मराठी डोळ्यांना हा शब्द पहिले काही दिवस फसवतोच.

फसवणारे आणखीही काही शब्द आहेत. ‘कान’ म्हणजे शकणे, ‘साल’ हे भविष्यकाळाचे सहायक क्रियापद आणि ‘दात’ म्हणजे ‘की’ हे उभयान्वयी अव्यय. एकदा गंमत वाटली की हे शब्द विसरत नाहीत, आणि पुढील सर्व नियमांत त्यांचे काम पडणार आहे.

पहिला नियम: मुख्य वाक्यात क्रियापद दुसरे

आफ्रिकान्समध्ये क्रियापद पुरुष किंवा वचनानुसार बदलत नाही. ‘एक कुअप’ म्हणजे मी विकत घेतो, ‘सै कुअप’ म्हणजे ती विकत घेते. ‘कुअप’ तसेच राहते. नामांना लिंग नाही, विभक्तिप्रत्यय नाहीत. मराठीत ‘कुत्रा माणसाला चावतो’ आणि ‘माणसाला कुत्रा चावतो’ यांचा अर्थ एकच, कारण ‘ला’ हा प्रत्यय कर्म दाखवतो. आफ्रिकान्समध्ये ‘दी हॉन्त बैत दी मान’ म्हणजे कुत्रा माणसाला चावतो. ‘दी मान बैत दी हॉन्त’ म्हटले की माणूसच कुत्र्याला चावला. प्रत्ययांचे बरेचसे काम येथे शब्दक्रमाला करावे लागते. म्हणून तो इतका काटेकोर आहे.

साधे वाक्य असे होते:

एक कुअप फानदाख ब्रुअत.
(मी – विकत घेतो – आज – पाव: मी आज पाव विकत घेतो.)

आता ‘आज’वर भर देऊन ‘फानदाख’ हा शब्द पुढे आणला, तर काय होते ते पाहावे:

फानदाख कुअप एक ब्रुअत.
(आज – विकत घेतो – मी – पाव.)

‘कुअप’ जागचे हलले नाही. हलला तो कर्ता. तो क्रियापदाच्या मागे गेला. इंग्रजीच्या सवयीने मूल ‘फानदाख एक कुअप ब्रुअत’ असे लिहिते आणि तेथेच गुण जातात. वाक्याच्या आरंभी काळ असो, स्थळ असो वा कर्म असो, त्यानंतर लगेच क्रियापद यायचे आणि कर्ता त्याच्या मागे जायचा.

‘दुसरी जागा’ म्हणजे दुसरा शब्द असा मात्र अर्थ नाही. पहिल्या जागेवर अनेक शब्दांचा एक गट असू शकतो:

एल्कऽ ऑखन्त द्रंक एक तीअ.
(रोज सकाळी – पितो – मी – चहा.)

येथे ‘एल्कऽ ऑखन्त’ म्हणजे ‘दररोज सकाळी’ हा गट एकच घटक आहे. मोजायचे ते घटक, शब्द नव्हेत.

दुसरा नियम: उरलेले क्रियापद शेवटी

वाक्यात दोन क्रियापदे आली की, त्यांपैकी पहिले (सहायक) दुसऱ्या जागेवर बसते आणि मुख्य अर्थाचे क्रियापद थेट वाक्याच्या शेवटी जाते. बाकी सर्व शब्द त्या दोघांच्या मध्ये राहतात. भविष्यकाळ, भूतकाळ आणि ‘शकणे’, ‘लागणे’ अशा अर्थांची सहायक क्रियापदे या तिन्ही ठिकाणी हीच चौकट दिसते:

एक साल मॉरऽ ब्रुअत कुअप.
(मी उद्या पाव विकत घेईन.)

एक हेत खस्तर ब्रुअत खकुअप.
(मी काल पाव विकत घेतला.)

सै कान खूत स्वेम.
(ती चांगले पोहू शकते.)

भूतकाळाची रीत या भाषेत फार सोपी आहे. ‘हेत’ हे सहायक क्रियापद दुसऱ्या जागेवर आणि मूळ क्रियापदाला ‘ख’ हा उपसर्ग लावून ते शेवटी: ‘कुअप’चे ‘खकुअप’, ‘लीअस’ (वाचणे) याचे ‘खलीअस’. विकणे या अर्थाच्या ‘फरकुअप’सारख्या, आधीच उपसर्ग असलेल्या क्रियापदांना तो लागत नाही. ‘असणे’चा भूतकाळ ‘वास’ असा स्वतंत्र आहे आणि काही सहायक क्रियापदांचीही वेगळी रूपे आहेत. एवढे अपवाद पाठ केले की भूतकाळ संपला.

ज्यांनी महाराष्ट्रात शाळा-महाविद्यालयात जर्मन शिकली असेल, त्यांना ही चौकट ओळखीची वाटेल. दोन्ही भाषा एकाच कुळातील आहेत. जर्मनमध्ये जी विभक्ती आणि लिंगे विद्यार्थ्याला छळतात, ती आफ्रिकान्सने टाकून दिली आणि शब्दक्रम मात्र राखला.

मधल्या शब्दांचा क्रम

दोन क्रियापदांच्या मध्ये येणाऱ्या घटकांसाठी दक्षिण आफ्रिकेतील शाळांत ‘स्टॉम्पी’ हे सूत्र शिकवले जाते. या शब्दाचा आफ्रिकान्समधला अर्थ ‘थोटूक’ असा आहे. त्याच्या अक्षरांवरून घटकांचा क्रम लक्षात राहतो. तो असा: कर्ता, पहिले क्रियापद, वेळ, कर्म, रीत, स्थळ, दुसरे क्रियापद आणि अखेरीस हेतू दाखवणारा भाग. आरंभी कर्त्याऐवजी दुसरे काही आले, तर कर्ता पहिल्या क्रियापदानंतर बसतो.

एक साल फानान्त दी ब्रीफ स्तादख अन दी कामर लीअस.
(मी – भविष्य – आज संध्याकाळी – ते पत्र – सावकाश – खोलीत – वाचणे.)

मराठीत याचे सरळ भाषांतर ‘मी आज संध्याकाळी ते पत्र सावकाश खोलीत वाचीन’ असे होते. ‘साल’ हा एक शब्द वगळला, तर दोन्ही वाक्यांचा क्रम तंतोतंत एक आहे. इंग्रजीत मात्र क्रियापद कर्मापूर्वी येते आणि वेळ बहुधा शेवटी ढकलली जाते. म्हणून अशा वाक्यासाठी मुलाने मनात आधी मराठी वाक्य म्हणावे आणि त्यात पहिले क्रियापद दुसऱ्या जागेवर घालावे. इंग्रजीतून वळसा घेण्यापेक्षा ही वाट जवळची आहे.

एक अपवाद जपावा. कर्म सर्वनाम असेल, तर ते वेळेच्या आधी येते: ‘एक सीन हॉम मॉरऽ’, म्हणजे मी त्याला उद्या भेटतो.

हेतू दाखवणारा भाग ‘ऑम … तऽ’ या जोडीने बनतो आणि त्याचेही क्रियापद शेवटीच असते:

एक खान विंकल तू ऑम ब्रुअत तऽ कुअप.
(मी पाव विकत घ्यायला दुकानात जातो.)

नकाराची दोन टोके

आफ्रिकान्सची सर्वांत ठळक खूण म्हणजे दुहेरी नकार. ‘नी’ हा शब्द वाक्यात दोनदा येतो: एकदा पहिल्या क्रियापदाच्या पाठोपाठ आणि एकदा अगदी शेवटी.

एक प्रात नी आफ्रिकान्स नी.
(मी आफ्रिकान्स बोलत नाही.)

एक हेत नी ब्रुअत खकुअप नी.
(मी पाव विकत घेतला नाही.)

दोन नकार मिळून होकार होत नाही. दोन्ही मिळून एकच नकार होतो. नवशिका बहुधा दुसरा ‘नी’ विसरतो, कारण इंग्रजीत त्याच्याशी जुळणारे काही नाही. मराठीत आहे. ‘मी पाव विकत घेतला नाही’ यातील ‘नाही’ जेथे बसते, नेमका तेथेच शेवटचा ‘नी’ बसतो. वाक्य संपताना ‘नाही’ आठवावे म्हणजे तो राहून जात नाही.

कर्ता आणि क्रियापद एवढेच शब्द असतील, तर मात्र दोन ‘नी’ एकमेकांत मिसळून एकच उरतो: ‘एक वीअत नी’, मला माहीत नाही. कर्म सर्वनाम असेल तरी तसेच: ‘एक सीन हॉम नी’, मला तो दिसत नाही. ‘कधीच नाही’ या अर्थाचा ‘नोइत’ आणि ‘कोणीही नाही’ या अर्थाचा ‘नीमान्त’ आले, तर ते पहिल्या ‘नी’ची जागा घेतात, शेवटचा ‘नी’ राहतोच:

सै लीअस नोइत बुकऽ नी.
(ती कधीच पुस्तके वाचत नाही.)

नीमान्त हेत खकॉम नी.
(कोणीही आले नाही.)

मनाई करताना ‘मुनी’ने आरंभ होतो आणि ‘नी’ने शेवट: ‘मुनी हीर रुअक नी’, येथे धूम्रपान करू नका.

प्रश्न

होय-नाही उत्तराच्या प्रश्नात क्रियापद पहिल्या जागेवर येते: ‘प्रात यै आफ्रिकान्स?’ म्हणजे तू आफ्रिकान्स बोलतोस का? प्रश्नार्थक शब्द असेल, तर तो पहिला आणि क्रियापद नेहमीप्रमाणे दुसरे: ‘वार वुअन यै?’ म्हणजे तू कुठे राहतोस? इंग्रजीप्रमाणे प्रश्नासाठी वेगळे सहायक क्रियापद आणावे लागत नाही. मराठी भाषकाची येथे सुटका होते.

तिसरा नियम: गौण वाक्यात क्रियापद शेवटी

येथे मराठी भाषकाचा सर्वांत मोठा लाभ आहे. ‘दात’ (की), ‘ऑमदात’ (कारण), ‘आस’ (जर, जेव्हा) यांसारख्या शब्दांनी आरंभ होणाऱ्या गौण वाक्यात क्रियापद दुसरी जागा सोडून शेवटी जाते. म्हणजे वाक्य जवळपास मराठीसारखेच होते.

है से दात है सीक अस.
(तो म्हणतो की तो आजारी आहे.)

प्रत्येक शब्दाखाली मराठी शब्द ठेवून पाहावा: तो – म्हणतो – की – तो – आजारी – आहे. एकही शब्द हलवावा लागत नाही. भूतकाळातही तसेच:

है से दात है खस्तर ब्रुअत खकुअप हेत.
(तो म्हणतो की त्याने काल पाव विकत घेतला आहे.)

‘खकुअप हेत’ आणि ‘घेतला आहे’ यांचा क्रम एकच आहे. इंग्रजी मातृभाषेच्या मुलांना हाच भाग सर्वांत अवघड जातो.

एका ठिकाणी सावध राहावे. ‘हेत’ मुख्य क्रियापदाच्या मागे जाते, पण ‘साल’ आणि ‘कान’ त्याच्या आधीच राहतात: ‘दात सै कान स्वेम’, म्हणजे की ती पोहू शकते. मराठीत ‘शकते’ शेवटी येते म्हणून ‘स्वेम कान’ लिहिण्याचा मोह होतो; तो टाळावा.

‘दात’ गाळण्याची मुभा आहे. तो गाळला की वाक्य पुन्हा मुख्य वाक्यासारखे होते आणि क्रियापद दुसऱ्या जागेवर परतते: ‘है से है अस सीक’. अर्थ तोच. म्हणजे ‘दात’ हा शब्दच क्रियापदाला शेवटी ढकलतो.

‘वात’ने जोडलेल्या वाक्यालाही हा नियम लागू आहे. माणूस असो वा वस्तू, ‘जो-जी-जे’ या सर्वांसाठी हा एकच शब्द पुरतो:

दी मान वात ब्रुअत फरकुअप, वुअन हीर.
(जो माणूस पाव विकतो, तो येथे राहतो.)

प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला, तरी क्रियापद शेवटी जाते: ‘एक वीअत नी वार यै वुअन नी’, तू कुठे राहतोस हे मला माहीत नाही. शेवटचा ‘नी’ संपूर्ण वाक्याच्या अखेरीस आला आहे, हेही पाहावे. रोजच्या बोलण्यात अशा प्रश्नांत क्रियापद दुसऱ्या जागेवर ठेवणारे पुष्कळ भेटतात. परीक्षेत मात्र लेखी भाषेचा नियम पाळावा.

गौण वाक्य आधी आले, तर ते सबंध वाक्य ‘पहिली जागा’ धरते आणि मुख्य वाक्याचे क्रियापद त्याच्या लगेच पुढे येते:

आस दत रीअन, ब्लै एक तॉइस.
(पाऊस पडला, तर मी घरी राहतो.)

‘रीअन’ आणि ‘ब्लै’ ही दोन क्रियापदे स्वल्पविरामाच्या दोन बाजूंना शेजारी उभी आहेत. तपासणाऱ्या पालकासाठी ही सोपी खूण आहे: अशा वाक्यात स्वल्पविरामाच्या दोन्ही बाजूंना क्रियापदे दिसली पाहिजेत.

जोडशब्दांचे तीन गट

शाळेत उभयान्वयी शब्द तीन गटांत शिकवले जातात. कोणत्या गटानंतर क्रियापद कुठे जाते, एवढेच त्यात पाहायचे असते. पावसाचेच वाक्य घेऊन तिन्ही गट पडताळता येतात.

पहिला गट: ‘एन’ (आणि), ‘मार’ (पण), ‘वांत’ (कारण). यांच्यानंतर नेहमीचाच क्रम.
एक ब्लै तॉइस, वांत दत रीअन फानदाख.

दुसरा गट: ‘दारऑम’ (म्हणून), ‘दारना’ (त्यानंतर). हे शब्द स्वतःच पहिली जागा घेतात; लगेच क्रियापद येते आणि मग कर्ता.
दत रीअन फानदाख, दारऑम ब्लै एक तॉइस.

तिसरा गट: ‘दात’, ‘ऑमदात’, ‘आस’, ‘तरवैल’ (-त असताना). यांच्यानंतर क्रियापद शेवटी.
एक ब्लै तॉइस ऑमदात दत फानदाख रीअन.

‘वांत’ आणि ‘ऑमदात’ या दोघांचाही अर्थ ‘कारण’. पहिल्यात ‘रीअन फानदाख’, दुसऱ्यात ‘फानदाख रीअन’. परीक्षेत दोन वाक्ये जोडायला देतात, तेव्हा अर्थापेक्षा गटाचीच कसोटी असते. म्हणून प्रत्येक नवा जोडशब्द त्याच्या गटाच्या क्रमांकासह पाठ करावा.

तुटणारी क्रियापदे

काही क्रियापदे दोन तुकड्यांची असतात. ‘ऑपस्तान’ म्हणजे उठणे. त्यात ‘ऑप’ म्हणजे वर आणि ‘स्तान’ म्हणजे उभे राहणे. मुख्य वाक्यात हे तुकडे सुटतात. ‘स्तान’ दुसऱ्या जागेवर बसते, ‘ऑप’ शेवटी जातो: ‘एक स्तान फ्रूख ऑप’, मी लवकर उठतो. भूतकाळात ‘ख’ त्यांच्या मध्ये शिरतो: ‘एक हेत फ्रूख ऑपखस्तान’. गौण वाक्यात क्रियापद शेवटी गेले की दोन्ही तुकडे पुन्हा एकत्र येतात: ‘दात एक फ्रूख ऑपस्तान’. येथेही त्याच दोन जागा आहेत; फक्त एक क्रियापद दोन्ही अडवून बसते.

मराठीशी जुळणाऱ्या काही लकबी

दिशा दाखवणारा ‘तू’ हा शब्द नामाच्या मागे येतो, मराठी शब्दयोगी अव्ययासारखा: ‘स्कुअल तू’ म्हणजे शाळेकडे, ‘हॉइस तू’ म्हणजे घराकडे. ‘अन’ नामाच्या आधी आला, तर स्थिर असणे आणि मागे आला, तर आत शिरणे: ‘अन दी कामर’ म्हणजे खोलीत, तर ‘है स्ताप दी कामर अन’ म्हणजे तो चालत खोलीत शिरतो.

मालकी ‘सऽ’ने दाखवतात: ‘मा सऽ हॉइस’, आईचे घर. क्रम मराठीचाच.

माणसाचे नाव कर्म असेल, तर बोलण्यात त्याच्या आधी ‘फर’ लावतात: ‘एक हेत फर यान खसीन’, मी यानला पाहिले. वस्तूला तो सहसा लागत नाही. मराठीतही ‘यानला पाहिले’, पण ‘पुस्तक पाहिले’.

आणि शब्दांची द्विरुक्ती. ‘लाख’ म्हणजे हसणे. ‘है कॉम लाख-लाख बनऽ’ म्हणजे तो हसत हसत आत येतो. युरोपीय कुळातील भाषेत ही लकब विरळा आहे. अनेक अभ्यासक ती केपमधील मलायी भाषकांची देणगी मानतात.

घरी गृहपाठ तपासताना

वाक्य समोर आले की तीन प्रश्न विचारावेत. हे मुख्य वाक्य आहे की गौण? मुख्य असेल, तर दुसऱ्या जागेवर क्रियापद आहे का? दुसरे क्रियापद किंवा दुसरा ‘नी’ शेवटी पोहोचला आहे का?

चुकाही दोन दिशांनी येतात. ‘एक हेत खकुअप ब्रुअत’ ही इंग्रजीची छाया. ‘एक हेत ब्रुअत खकुअप’ हवे. ‘एक ब्रुअत कुअप’ ही मराठीची छाया. मुख्य वाक्यात ‘एक कुअप ब्रुअत’ हवे. चूक कोणत्या भाषेतून आली हे मुलाला दाखवले की ती सहसा पुन्हा होत नाही.

सरावासाठी चार वाक्ये पुढे दिली आहेत. आधी उत्तर झाकून ठेवावे.

उद्या मी शाळेत जाणार नाही.
मॉरऽ साल एक नी स्कुअल तू खान नी.

ती म्हणते की तिने ते पुस्तक वाचले आहे.
सै से दात सै दी बुक खलीअस हेत.

आईचे घर कुठे आहे?
वार अस मा सऽ हॉइस?

तो आजारी आहे, म्हणून तो घरी राहतो.
है अस सीक, दारऑम ब्लै है तॉइस.

या चार वाक्यांत लेखातील बहुतेक नियम येऊन जातात. दुसऱ्या वाक्यात, ‘दात’नंतर, मुलाला मराठीचा क्रम जसाच्या तसा सापडेल. पालकांनी तेथे थोडे थांबून तो त्याला दाखवावा. नव्या देशात, नव्या वर्गात आपण सर्वांच्या मागे आहोत असे वाटणाऱ्या मुलाला, घरची भाषा येथे आपल्याला एक पाऊल पुढे ठेवते, हे कळणे गुणांइतकेच मोलाचे असते.